रत्नमालाच्या गुडघ्यांबाबत अभिप्राय (पुरवणी जोडली आहे)

प्रश्न १. गेल्या बारा आठवड्यांत तुम्ही हे ॲप किती वेळा वापरले?
*(रोज / आठवड्यातून काही वेळा / क्वचित / कधीच नाही. शेरा असल्यास दोनशे अक्षरांत लिहा.)*

रोज. शेवटचे दोन आठवडे ॲप बंद होतं, तरी रोज. ते कसं, हे दोनशे अक्षरांत सांगता येत नाही. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. तिथे एक मोडकं स्टूल निकालात काढायचा प्रस्तावसुद्धा साडेतीन पानांचा होत असे. इथे तर चालत्याबोलत्या बाईचे दोन गुडघे आहेत. म्हणून ही पुरवणी हातानं लिहून जोडत आहे. एका पानाचा एक फोटो, क्रमानं वाचावेत.

ॲप माझ्या फोनमध्ये आहे. गुडघे रत्नमालाचे आहेत. रत्नमाला माझी बायको आहे. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे. तुमच्या ॲपला हे शेवटपर्यंत ध्यानात राहिलं नाही.

प्रश्न २. ॲप वापरण्यामागे तुमचे मुख्य उद्दिष्ट काय होते?
*(वेदना कमी करणे / हालचाल वाढवणे / वजन कमी करणे / इतर.)*

इतर.

आमच्या मेडशीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आषाढी पौर्णिमेला सुरू होतं, अश्विन पौर्णिमेला समारोप. एकोणीस वर्षं हे वाचन रत्नमाला करत आली. पांढरं लुगडं, सतरंजीवर मांडी, पुढ्यात चौरंग, चौरंगावर ग्रंथ. तिची सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. त्यामुळे ऐकणाऱ्याचं लक्ष कुठल्या वाक्याला दाराबाहेर जाणार हे तिला आधीच कळतं. बरोबर तिथे ती आवाज खाली आणते, आणि गेलेली माणसं परत येतात.

यंदा पहिल्या दिवशीचं वाचन झालं, तीनदा "साधू" झालं, लोक उठले. रत्नमाला उठली नाही. म्हणजे उठत होती. एक हात चौरंगावर, दुसरा जमिनीवर, मग थोडी विश्रांती, मग चौरंगच सरकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चाळीस माणसं अदबीनं उभी. त्या शांततेत महिला मंडळाची अध्यक्ष लिलाबाई म्हणाली, "उद्यापासून खुर्ची आनू का वो, रत्नमाला?"

भलंच विचारलं होतं. पण चाळीस माणसांसमोर विचारलं होतं.

"आयकनारे खाली अन् वाचनारी वर, हे मले जमनार नाही," रत्नमाला उभी राहून झाल्यावर म्हणाली. "तवर तू वाच. समारोपाले मी खाली बसून वाचतो. नाही बसता आलं, तं ग्रंथ कायमचा तुह्या हाती."

हे आमचं उद्दिष्ट. तुमच्या यादीत ते नव्हतं.

लिलाबाई वाईट वाचते असं मी म्हणणार नाही. स्टँडवर शेवटची एसटी लागली आहे, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आहे, अशा वेळी माणूस जसं वाचेल तशी ती वाचते. रत्नमाला रोज मागच्या भिंतीला टेकून उभ्यानं ऐकायची आणि घरी येऊन काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरात भांडी बोलतात.

पुढच्याच आठवड्यात मालेगावला शिबिर होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. गुडघ्याची झीज आहे, घाबरायचं काही नाही, व्यायाम करा, चालत राहा, तूर्त खाली बसू नका. बाहेरच्या टेबलावर तुमच्या प्रकल्पाची संस्कृती नावाची मुलगी बसली होती. तिनं ॲप घातलं. रत्नमालाचा फोन बटणांचा, म्हणून माझ्या फोनमध्ये. फोन माझा म्हणून ओटीपी माझ्या नंबरवर. नंबर माझा म्हणून नाव धम्मपाल, पुरुष, वय सहासष्ट.

"अहो, पण गुडघे हिचे आहेत," मी म्हणालो.

"नंतर बदलता येईल, सर."

हे वाक्य मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं आहे. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

प्रश्न ३. वेदना नोंदवण्याची पद्धत समजण्यास सोपी होती का?

सोपी होती. तेच नडलं.

रोज सकाळी सातला ॲप म्हणायचं, *सुप्रभात, धम्मपाल! आज तुमचे गुडघे कसे आहेत?* मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचो, "आज कसे हायेत?"

"तसेच हायेत."

"तसेच, असं नाही चालत. शून्य ते दहा सांग. शून्य म्हंजे काहीच नाही. दहा म्हंजे कल्पना करता येईल तेवढी सर्वांत मोठी वेदना."

तिनं तव्यावर भाकर टाकली. "सर्वांत मोठी? म्हंजे बाळंतपन."

"समज."

"धाकट्याच्या वक्ताचं? त्याचे पाय आधी आले होते."

"तेच धर."

"मंग दोन लिहा."

मी दोन लिहिले. रोज दोन. एकदा पाऊस लागून गुडघा भोपळ्याएवढा झाला तेव्हा तिनं अडीच सांगितले, पण अडीचची सोय नव्हती. ॲप खूश झालं. *छान! तुमची वेदना सौम्य आहे,* असं म्हणत त्यानं चौथ्या आठवड्यात तिला थेट प्रगत स्तरावर चढवलं. भिंतीला पाठ लावा आणि खुर्चीत बसल्यासारखे अर्धे बसा. रत्नमाला अर्धी बसली. पुढचं अर्धं आपोआप झालं.

सूचना: दहा म्हणजे काय, हे गावोगाव विचारून ठरवावं.

प्रश्न ४. पावले मोजण्याची सोय उपयुक्त वाटली का?

हा प्रश्न सोडून देत आहे.

प्रश्न ५. व्यायामाचे व्हिडिओ तुमच्या परिस्थितीला अनुरूप होते का?

व्हिडिओतली बाई सोफ्यावर बसते. आमच्याकडे सोफा नाही, दिवाण आहे, आणि त्यावर गाद्या रचलेल्या असतात. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चढते-उतरते. आमचं घर एकमजली. रत्नमालानं दारापुढच्या ओट्याचा दगड वापरला. आता ओट्यावर बाई एकदा चढली आणि एकदा उतरली, तर गावाला कळत नाही. पण दहा वेळा चढली आणि दहा वेळा उतरली, आणि घरातून दुसरी बाई "शाब्बास, आता उजवा पाय" असं म्हणतेय, तर कळतं.

पहिली आली शेजारची चतुराबाई. रामराव शेतकऱ्याची बायको. "काय करून राह्यली वो?"

"गुडघे."

"मंग माह्या गुडघ्यानं का पाप केलं?"

तिसऱ्या दिवशी कमलीबाई, चौथ्या दिवशी भागिरथाबाई आणि हिरीबाई, त्यांच्यापाठोपाठ हिरीबाईची नणंद. चार वाजता दिवाणावरच्या गाद्या खाली, सहाजणी वर, पाय लोंबते. मी फोन धरून समोर उभा. मला जागचं हलायची परवानगी नव्हती, कारण बाई हलते असं त्यांना वाटायचं.

एकदा लिलाबाईही आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. रत्नमाला म्हणाली, "बस ना." ती म्हणाली, "नोको बाप्पा, मले काही नाही झालं, मी तं पाहाले आली." आणि मग रोज पाहायला येऊ लागली. पाहता पाहता तिची टाच आपोआप वर-खाली व्हायची.

व्यायामानंतर ॲप विचारतं, *आता कसं वाटतंय?* ज्या बाईनं व्यायाम केला तिला वाटतं, आपल्यालाच विचारलं. आणि कुणी घरी येऊन प्रेमानं विचारलं तर उत्तर न देणं बरं दिसत नाही.

"माहे नऊ लिहा, भाऊ," चतुराबाई म्हणाली. "इंगळी चावली होती तवा दहा होते."

कमलीबाईनं एक सांगितला. एक कसा काय, तर नवऱ्यापुढे हा त्रास काहीच नाही. मी सगळ्यांचे आकडे इमानदारीनं भरले. कचेरीत असताना आलेला कागद न नोंदवता परत पाठवायची मला सवय नव्हती. उशिरा नोंदवायची होती.

प्रश्न ४. (वर सोडला होता. रत्नमाला म्हणाली, "काहून सोडला? लिहा." लिहितो.)

फोन माझ्या खिशात असतो. सकाळी मी स्टँडवर चहाला जातो, तिथून पेपर वाचायला, तिथून रामरावच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत, आणि परत. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ॲपनं तुतारी वाजवली. *अभिनंदन, धम्मपाल! आज ८,२१४ पावले! तुमचे गुडघे तुमचे आभार मानत आहेत.*

मी मोठ्या हौसेनं रत्नमालाला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं.

"चालता तुमी, मेडल तुमाले, अन् आभार माहे गुडघे मानून राह्यले?"

त्याच रात्री तिनं जुन्या ब्लाऊजपीसची पिशवी शिवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन तिच्या कमरेला गेला. मला कुणाचा फोन आला की आधी तिची कंबर वाजायची. पण तोपर्यंत जे नुकसान व्हायचं ते झालं होतं. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात, मी स्टँडवरच्या हॉटेलात बसलेलो असताना, माझ्या खिशातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली होती, "धम्मपाल, गुडघ्यांच्या व्यायामाची वेळ झाली!"

हॉटेलातली बारा-चौदा डोकी माझ्या गुडघ्यांकडे वळली. मी सांगितलं, हे घरच्यांचं आहे. सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. तशी मान लोक दारुड्यापुढे हलवतात.

तेव्हापासून एसटीत मला जागा मिळू लागली. मालेगावपर्यंत बावीस किलोमीटर मी उभा राहायचं म्हटलं तरी कुणी राहू देईना. आणि एका सकाळी रामराव निरगुडीचा पाला गरम करून, फडक्यात बांधून, दारात हजर.

"पाय लांबवा, साहेब."

"रामराव, माझे गुडघे ठणठणीत हायेत. हे रत्नमालासाठी चाललं आहे."

"लाजू नोका. बाईमानसाच्या गुडघ्यापाई कोनी मोबाईल लावते का?" त्यानं माझ्या पायजम्याचा पाय वर ओढला. त्याचा हात तिफण धरणारा, माझा पेन धरणारा. निरगुडी लागली. दोन्ही गुडघ्यांना.

पाला बांधून होत असताना मी विचारलं, "चतुराबाईच्या गुडघ्याले बांधता का कधी?"

"तिच्या?" रामरावनं गाठ मारता मारता जरा विचार केला. "तिचे तं दुखतेतच."

हे बोलून झाल्यावर त्यानं उरलेला पाला पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि सोबत नेला. दुसऱ्या दिवशी पाला आला नाही. चतुराबाई व्यायामाला आली तेव्हा तिच्या लुगड्याला निरगुडीचा वास येत होता. त्या दिवशी तिनं नऊऐवजी सहा सांगितले.

प्रश्न ६. प्रकल्पाच्या सहायकांचे साहाय्य वेळेवर मिळाले का?

न मागता मिळालं. नवव्या आठवड्यात संस्कृतीचा फोन आला. तो आधी कमरेत वाजला, मग माझ्याकडे आला.

"सर, तुमच्या नोंदींत काहीतरी गडबड दिसतेय. काल सकाळी वेदना दोन. चार वाजता सहा. चार वाजून तीन मिनिटांनी एक. चार-सातला आठ. असं कसं होईल?"

"चार वाजता चतुराबाई. चार-तीनला कमलीबाई, ती सोसते. आठ भागिरथाबाईचे."

"सर, भागिरथाबाई म्हणजे?"

"म्हणजे तिचा डावा. उजवा बरा आहे, पण सोबत येतो म्हणून धरला आहे."

तिनं हळूच विचारलं, "एकूण किती जणी आहेत, सर?"

"सहा. गुडघे बारा."

ती हसली असावी, कारण फोन थोडा लांब गेला. मग जवळ आला आणि नियम सांगू लागला. एका खात्यावर एकच रुग्ण. आमच्या सगळ्या नोंदी बाद. खातं तपासणीसाठी थांबवावं लागेल. ज्या बाईचं आहे तिच्या नावावर करायचं तर अर्ज करावा लागेल.

अर्ज! मला बरंच वाटलं. विषय, संदर्भ, महोदय, सोबत जोडपत्रे दोन. एकही काना-मात्रा चुकू दिला नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं: *आपला अर्ज अपूर्ण आहे. सदर गुडघे रुग्णाचेच असल्याबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.*

"आपला अर्ज अपूर्ण आहे." हे वाक्य मी उभ्या हयातीत किती फायलींवर लिहिलं असेल त्याची गणती नाही. लिहिताना कधी काही वाटलं नाही. वाचणारा ते चारदा वाचतो, आपलं काय राहिलं ते शोधत, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. केनवडच्या एका म्हाताऱ्याला मी तीन वेळा परत पाठवलं होतं, त्याचा चेहरा दोन दिवस डोळ्यांपुढून हलला नाही. हे तुमच्या प्रश्नाला धरून नाही. पण लिहून ठेवतो.

दहाव्या आठवड्यात ॲप बंद झालं. उघडलं की एक गोल फिरायचा, नुसता फिरायचा. चार वाजले. सहाजणी दिवाणावर पाय लोंबते सोडून बसल्या. मी सवयीनं फोन धरून उभा राहिलो.

"कायले थांबल्या?" कमलीबाई म्हणाली, आणि एकदम व्हिडिओतल्या बाईच्या शहरी आवाजात सुरू झाली, "शाब्बास! आता श्वास सोडा. टाच हळूच पुढे घ्या." सगळ्या हसल्या, पण टाचा पुढे गेल्या. कमलीबाईला सगळं पाठ होतं. वर ती नावानं बोलवायची. तुमचं ॲप सहाही जणींना धम्मपाल म्हणायचं.

प्रश्न ७. तुमचे उद्दिष्ट साध्य झाले का?
*(होय / अंशतः / नाही.)*

अश्विन पौर्णिमेच्या सकाळी रत्नमालानं दार लावून घेतलं आणि घरात सतरंजी टाकली. मला म्हणाली, "तिकडं पाहा." मी कॅलेंडरकडे पाहिलं. मागे हाडांचा आवाज, बांगड्यांचा आवाज. मग, "बसली."

मी वळलो. खरोखर मांडी घातली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा. जत्रेत नंबर आलेल्या माणसासारखी दिसत होती.

दोन मिनिटांत चेहरा बदलला. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "हात द्या." मी हात दिला. मग चतुराबाईला हाक मारली. दोघांनी मिळून उठवलं. ओटा चढते, बाजारहाट करते, तासभर उभी राहते, हे सगळं सुधारलं होतं. ज्याच्यासाठी केलं तेवढंच राहिलं होतं.

भांडीसुद्धा बोलली नाहीत. दुपारी तिनं ग्रंथाचं जुनं फडकं धुऊन वाळत घातलं.

संध्याकाळी विहार भरून गेला होता. सोयाबीनची सोंगणी चालू, तरी माणसं अंग धुऊन आली होती. चतुराबाई आजवर कधी ग्रंथाला आली नव्हती, ती गुडघ्यांच्या ओळखीनं आली. सोबत रामराव. त्रिशरण-पंचशील झालं. रत्नमाला पुढे गेली, चौरंगावरचा ग्रंथ फडक्यासकट उचलला आणि सरळ लिलाबाईपुढे धरला.

"घे. मले बसनं होत नाही."

लिलाबाईनं हात पुढे केले नाहीत.

"घे ना वो. बोलली होती, तसं करून राह्यली."

"मले नोको देऊ," लिलाबाई म्हणाली. आवाज एवढा बारीक की मागचे लोक पुढे सरकले. "माह्यानं तरी कोठं होते? तीन महिने गोळी खाऊन बसली मी. गोळी उतरायच्या आधी संपवाचं म्हून तं धावत वाचत होती."

रत्नमाला ग्रंथ धरून उभी. लिलाबाई पदर धरून उभी. चाळीस माणसं पुन्हा अदबीनं शांत.

मग रत्नमालाच्या खांद्यांना एक गचका बसला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"आयकलं का," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या फोनात गुडघे किती हायेत?"

"बारा," मी म्हणालो.

"चौदा," लिलाबाई म्हणाली.

"मंग सात खुर्च्या आना."

गोपीचंदचं मंडपाचं दुकान विहाराला लागूनच आहे. रामराव आणि मी जाऊन लाल खुर्च्या आणल्या. रस्त्यात रामरावनं माझ्याकडच्या दोन खुर्च्या काढून स्वतःच्या डोक्यावर घेतल्या. त्याला अजूनही खात्री आहे.

"अन् वर-खालीचं काय मंग?" भागिरथाबाईनं खुर्चीत टेकता टेकता विचारलं. ती सरळ बाई आहे, मनात ठेवत नाही.

"ज्याले उठता येते तो खाली बसन," रत्नमाला म्हणाली. "ज्याले नाही येत तो वर. त्यात मान कोठं आला?"

सातजणी ओळीत बसल्या. पानं दोघींनी वाटून घेतली. एक पान रत्नमाला, एक पान लिलाबाई. पाय जमिनीला टेकलेले, घाई कशाचीच नाही, तेव्हा लिलाबाईच्या वाचनात पहिल्यांदाच स्वल्पविराम ऐकू आले. एके ठिकाणी तिनं आवाज खाली आणला. रत्नमालानं तिच्याकडे बघितलं, आणि लोकांना दिसणार नाही इतकीच मान हलवली.

वाचन संपलं. "साधू" झालं. खीर आली. खालची माणसं उठली, सातजणी उठल्या नाहीत. उठता येत नव्हतं म्हणून नव्हे.

उत्तर: यांपैकी काहीही नाही. कृपया चौथा पर्याय ठेवावा.

प्रश्न ८. हे ॲप इतरांना वापरायला सांगाल का?

सहाजणींना सांगितलं. त्याबद्दल तुम्ही खातं बंद केलं.

प्रश्न ९. कार्यक्रमापूर्वी जमत नव्हती अशी कोणती गोष्ट तुम्हाला आता जमू लागली आहे?

हा प्रश्न मी रत्नमालाला वाचून दाखवला. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी सुचवलं, तासभर उभं राहता येतं असं लिहू का? ती म्हणाली, ते आधीबी येत होतं, दुखत होतं एवढंच. मी म्हणालो, पाच मिनिटं मांडी घालता येते? ती म्हणाली, ते लिहू नोका, ते पुन्हा भिंतीले टेकवतीन मले.

मग तिनं चार-पाच शेंगा आणखी सोलल्या.

"लिहा," ती म्हणाली, "खुर्ची मांगता येते."